शांततेत चालणारी सुई

नमस्कार श्रोतेहो. आज आधी एका वादकाची गोष्ट सांगते. मला ही गोष्ट फार जवळची आहे.

सतराव्या शतकातलं लंडन. सॉलोमन एक्लस नावाचा वादक. बाप वादक, आजा वादक, घरात पिढ्यान्‌पिढ्या संगीत. शिकवण्यांवर त्याचं छान चाललं होतं. घरात व्हर्जिनल होतं, म्हणजे पट्ट्या दाबून वाजवायचं तंतुवाद्य. शिवाय फिडल होती, म्हणजे व्हायोलिनसारखं गजानं वाजवायचं वाद्य. असा हा माणूस १६६०च्या सुमाराला क्वेकर झाला.

क्वेकर हा ख्रिस्ती धर्मातला एक पंथ. त्यांची मूळची उपासना म्हणजे शांत बसणं. पुरोहित नाही, मूर्ती नाही, गाणं नाही. सगळे एका खोलीत गप्प बसतात. कुणाला आतून काही बोलावंसं वाटलं तर तो उभा राहतो, दोन शब्द बोलतो आणि बसतो. पुन्हा शांतता. त्या काळी ते म्हणत, आधीपासून बसवलेलं गाणं गायचं म्हणजे या घडीला मनात नसलेलं तोंडानं म्हणायचं. आणि देवासमोर तसं कसं म्हणायचं?

हे एक्लसच्या मनात इतकं रुतलं की त्यानं वाद्यं विकून टाकली. पैसे हातात आले, पण चैन पडेना. आपल्याला जे पाप वाटतं, ते आपण दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवलं! मग तो गेला आणि तीच वाद्यं परत विकत घेऊन आला. ती टॉवर हिलवर वाहून नेली, एकावर एक रचली आणि पेटवली. लोक धावले, आग विझवू लागले. तेव्हा यानं पायांनी तुडवून ती मोडली. जी वाजवून आयुष्य काढलं, ती वाद्यं! हे सगळं त्यानं स्वतः लिहिलं आणि १६६७ साली छापलं.

मला त्याचा राग येत नाही. तो प्रामाणिक होता. पण त्या फिडलींसाठी जीव तुटतो. रियाज करताना माणूस स्वतःला विसरतो, ती शांतताच असते, असं मला मनापासून वाटतं.

पुढे क्वेकरांनाही हळूहळू तसं वाटू लागलं. पेनसिल्व्हानियातला एडवर्ड हिक्स क्वेकर उपदेशक होता, आणि पाट्या रंगवून पोट भरायचा. सिंह, लांडगा, कोकरू आणि लहान मूल गुण्यागोविंदानं एकत्र आहेत, हे एकच चित्र त्यानं साठाहून जास्त वेळा काढलं. एकच चित्र, पुन्हा पुन्हा. मला तर तो जपच वाटतो. आणि आज केनियातले क्वेकर उपासनेत मोकळेपणानं गातात.

आता सुईकडे येते. १९८१ साली इंग्लंडमधल्या टाँटन गावी अ‍ॅन विन-विल्सन क्वेकर मुलांचा वर्ग घेत होत्या. अकरा वर्षांचा एक मुलगा सहज काही बोलला आणि त्यातून क्वेकरांचा इतिहास भरतकामात मांडायची कल्पना निघाली. लोकरी कापडावर लोकरीनं भरलेले ७७ पट. पंधरा वर्षं काम चाललं. पंधरा देशांतल्या चार हजारांवर माणसांनी टाके घातले. बायकांनी घातले, मुलांनी घातले, पुरुषांनीही घातले.

यावरून सांगते, शाळेतला शिवणाचा तास पुन्हा सुरू व्हायला हवा, आणि तो मुलग्यांनाही हवा. बटण तुटलं की आईला हाक मारणारा तरुण मला बघवत नाही. असो.

हे पट केंडल गावच्या क्वेकर सभागृहात मांडलेले असतात. त्यांत मुलांनी काढलेली चित्रं मुलांच्या हातची वाटावीत तशीच भरली आहेत. वाकडा घोडा वाकडाच ठेवलाय.

अक्षरं भरताना मात्र अडचण आली. वळणावर दोरा नीट बसेना. म्हणून अ‍ॅनबाईंनी नवा टाका काढला. फुलांचे देठ भरायला वापरतो तो आपला दांडीटाका घ्यायचा, आणि सुई वर काढताना मागच्या टाक्याची लोकर मधोमध चिरून काढायची. दोरी वळल्यासारखी भरीव रेघ उमटते. त्याला आता क्वेकर टाकाच म्हणतात. घरी लोकर असेल तर करून बघा. वळणावर टाका लहान घ्या, आणि लोकर ओढू नका. नमस्कार.