नकार मिळाल्यावर फी भरून घेतलेलं खातं

नमस्कार मंडळी. पैशांवर बोलायचं म्हटलं की लोकांना गुंतवणूक ऐकायची असते, आयसा म्हणजे करमुक्त बचत खातं, पेन्शन, घर घ्यावं की भाड्याने राहावं, आणि मी आज बोलणारे ज्यांना या देशात साधं खातंही कुणी उघडून देत नाही त्यांच्याबद्दल. इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांनी करंट अकाउंटसाठी, म्हणजे रोजच्या वापराच्या खात्यासाठी, कधी पैसे मोजले नसतील, कारण ब्रिटनमध्ये साधं खातं फुकटच मिळतं. दर महिन्याला फी भरणारे लोक दोन प्रकारचे. एक, ज्यांना ट्रॅव्हल इन्शुरन्स, गाडी बंद पडली तर मदत, असलं सगळं जोडून आलेलं पॅकेज्ड अकाउंट हवं असतं. आणि दुसरे, ज्यांना दोन-तीन बँकांनी नाही म्हटलंय आणि मग रात्री फोनवर 'क्रेडिट चेक नाही' अशी जाहिरात दिसलीये. मी सुट्टीच्या दिवशी कर्जसल्ल्याच्या एका केंद्रात बसतो, तिथे या दुसऱ्या प्रकारचे लोक भेटतात, आणि खरं सांगू, त्यात आपली मंडळीपण असतात, फक्त ती समोरच्या खुर्चीत बसल्यावर पहिलं वाक्य 'हे कुणाला सांगू नका हं' असं म्हणतात.

नकार का मिळतो? बऱ्याचदा कारण अगदी किरकोळ असतं. नवीन आलेला माणूस, भाड्याच्या खोलीत राहतो, लाइट बिल घरमालकाच्या नावावर, म्हणजे पत्त्याचा पुरावा नाही. एक्स्पीरियन, इक्विफॅक्स, ट्रान्सयुनियन या कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या तिन्ही एजन्सींकडे त्याची फाइल जवळजवळ कोरी. दुसरा प्रकार म्हणजे फाइल भरलेली आहे पण नको त्या गोष्टींनी, डिफॉल्ट म्हणजे थकवलेलं कर्ज, सीसीजे म्हणजे थकबाकीबद्दल कोर्टाचा निकाल, दिवाळखोरी, आणि या नोंदी सहा वर्षं तिथे राहतात. दिवाळखोर माणूस साधारण १२ महिन्यांत कायद्याने मोकळा होतो पण फाइलवरची नोंद मोकळी होत नाही. आणि तिसरा प्रकार सिफासचा, म्हणजे फसवणुकीच्या यादीत नाव असण्याचा, त्यावर नंतर येतो कारण ते प्रकरण वेगळंच आहे.

अजून एक कारण आहे जे बाहेरून दिसत नाही. ज्या बँकेचं ओव्हरड्राफ्ट, म्हणजे खात्यात नसताना उचललेले पैसे, किंवा कार्ड थकलंय त्याच बँकेत पगार जमा होत असेल तर बँक त्यातून आपली थकबाकी वळती करून घेऊ शकते, त्याला राइट ऑफ सेट-ऑफ म्हणतात. म्हणजे पगार झाला आणि भाड्याचे पैसे गायब. अशा माणसाला आहे ते खातं सोडून दुसरीकडे जावंच लागतं, आणि तो नेमका अशा वेळी अर्ज करतो जेव्हा त्याची फाइल सगळ्यात वाईट दिसत असते.

आता ही फीवाली खाती. थिंकमनी, कार्डवन, कॅशप्लस ही नावं तुम्ही ऐकली असतील, सॉलिहलच्या सिक्युअर ट्रस्ट बँकेचंही असं एक खातं होतं. महिन्याची फी कुठे पाच-सहा पाउंड, कुठे साडेबारा, कुठे सतराच्या पुढे गेलेली. साडेबारा धरले तरी वर्षाला १५० पाउंड होतात, आणि हे अशा घरातून जे वीस पाउंडांसाठी विजेच्या प्रीपेड मीटरचं टॉपअप पुढे ढकलतंय. यातली काही खाती खऱ्या बँकेची नव्हतीच, ई-मनी कंपनीची होती, म्हणजे बँक नसून पैसे डिजिटल रूपात सांभाळणाऱ्या कंपनीची, सॉर्ट कोड म्हणजे बँकेचा क्रमांक असतो, अकाउंट नंबर असतो, कार्डवर मास्टरकार्डचा शिक्का असतो, त्यामुळे वापरणाऱ्याला फरक कळतच नाही. कॅशप्लस २००५ साली प्रीपेड कार्ड म्हणून सुरू झालं, त्यांना बँकेचं लायसन्स मिळालं २०२१ मध्ये, आणि आता त्याचं नाव झेम्पलर बँक आहे.

मला आधी वाटायचं की हे सगळे ग्राहक फसलेले आहेत. पण त्यांच्याशी बोलत बसलं की चित्र तेवढं सोपं राहत नाही. एक ताई होत्या, दोन मुलं, युनिव्हर्सल क्रेडिट हा सरकारी भत्ता आणि पार्टटाइम काम. त्यांचं खातं असं होतं की पैसे आले की कंपनी आधी भाडं, काउन्सिल टॅक्स, वीज यांचे पैसे बाजूला काढून ठेवणार आणि उरलेलेच कार्डवर टाकणार. आपल्या आया पगार झाला की वेगवेगळ्या डब्यांत पैसे घालायच्या, किराण्याचा डबा, दुधाचा डबा, अगदी तेच. इंग्रज याला जॅम-जार अकाउंट म्हणतात. ताई म्हणाल्या, मला माहितीये मी पैसे भरतेय, पण गेल्या वर्षभरात भाडं एकदाही चुकलं नाही आणि रात्री झोप लागते. आता यावर मी काय बोलणार? आणि फोन केला की माणूस बोलतो, अपमान करत नाही, हे तर बऱ्याच जणांकडून ऐकलंय. मोठ्या बँकेच्या काउंटरवर सगळ्यांसमोर 'सिस्टिमने डिक्लाइन केलं' ऐकून आलेल्या माणसाला 'हो, या' म्हणणारं कुणीतरी हवं असतं, त्याची किंमत तो आनंदाने भरतो.

तक्रारींचं पारडंही जड आहे. पहिली तक्रार फीचीच, पण रकमेपेक्षा वेळेची. ज्या महिन्यात काहीच जमा झालं नाही त्या महिन्याचीही फी लागते, मग खात्यात पैसे आले की आधी ती कापली जाते, आणि माणसाने हिशेब केलेला असतो पेनीपर्यंत. दुसरी म्हणजे छोटे छोटे चार्ज, काही कार्डांवर एटीएममधून काढले की वेगळे, दुकानात रोख भरली की वेगळे, जो माणूस रोखीत कमावतो त्याला आपलेच पैसे आत टाकायला पैसे पडतात. तिसरी म्हणजे कार्ड कुठे कुठे चालत नाही, पेट्रोल पंपावर मशीनवर आधी मोठी रक्कम अडवून ठेवतात, हॉटेलवाले डिपॉझिट मागतात, गाडी भाड्याने देणारे प्रीपेड म्हटलं की नाक मुरडतात. काही खात्यांवर डायरेक्ट डेबिटच, म्हणजे बिल खात्यातून आपोआप कापून घ्यायची सोयच, नव्हती, म्हणजे वीज कंपनीची डायरेक्ट डेबिटवाली सूटही गेली, गरिबीवरचा हा अजून एक छुपा कर. आणि सगळ्यात जास्त घाबरवणारी गोष्ट म्हणजे नेहमीपेक्षा मोठी रक्कम आली की खातं गोठणं, एका काकांना नोकरी सुटल्यावर रिडंडन्सीचे पैसे आले आणि नेमकं तेव्हाच खातं बंद, कारण सांगत नाहीत, शुक्रवार संध्याकाळ, फोन सोमवारशिवाय उचलणार नाहीत. असं मोठ्या बँकेतही होतं, नाही असं नाही. पण मोठ्या बँकेच्या माणसाकडे सहसा दुसरं खातं असतं, यांच्याकडे नसतं.

जून २०२० आठवतोय का? जर्मनीची वायरकार्ड ही पेमेंट कंपनी बुडाली आणि इथल्या एफसीएने, म्हणजे वित्तीय कंपन्यांवर नजर ठेवणाऱ्या संस्थेने, २६ जूनला त्यांच्या ब्रिटिश उपकंपनीचं काम थांबवलं. त्या उपकंपनीच्या जोरावर चालणारी पॉकिटसारखी कितीतरी कार्डं एका दिवसात निकामी. लॉकडाउनचा काळ, लोकांकडे घरात रोख नाही आणि भत्ता जमा झालेला त्याच कार्डावर. तीन-चार दिवसांत निर्बंध उठले, पैसे बुडाले नाहीत, पण त्या वीकेंडला किती घरांत काय झालं असेल ते मोजणारं कुणी नाही. ई-मनी कंपनी तुमचे पैसे वेगळे ठेवते, त्याला सेफगार्डिंग म्हणतात, पण बँक बुडाली तर जी एफएससीएस या ठेव-संरक्षण योजनेची हमी असते, आधी ८५,००० पाउंड आणि डिसेंबर २०२५ पासून १,२०,०००, ती ई-मनीला तशी लागू होत नाही. खातं उघडताना हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. कोण वाचतंय?

आता मुद्द्यावर येतो, आणि हे ऐकून बऱ्याच जणांना राग येतो, मलाही येतो. या देशात फुकट खात्याचा कायदा आहे. पेमेंट अकाउंट्स रेग्युलेशन्स २०१५, बेसिक अकाउंटचा भाग सप्टेंबर २०१६ पासून लागू. सरकारने ठरवून दिलेल्या नऊ मोठ्या संस्थांनी बेसिक बँक अकाउंट द्यायलाच हवं, बार्कलेज, एचएसबीसी, लॉइड्स, नॅटवेस्टचा ग्रुप, सँटँडर, नेशनवाइड, टीएसबी, को-ऑपरेटिव्ह बँक, आणि क्लाइड्सडेल-यॉर्कशायर जी नंतर व्हर्जिन मनी झाली आणि आता नेशनवाइडने घेतलीये. डेबिट कार्ड, डायरेक्ट डेबिट, स्टँडिंग ऑर्डर सगळं मिळतं, ओव्हरड्राफ्ट आणि चेकबुक नाही. महिन्याची फी शून्य. खराब क्रेडिट हे नकाराचं कारण होऊ शकत नाही, दिवाळखोर असाल तरी नाही. पूर्ण अर्ज मिळाल्यापासून कामाच्या १० दिवसांत बँकेने निर्णय द्यायला हवा आणि नकार दिला तर सहसा कारणही सांगायला हवं.

मग लोक फी का भरत राहिले? याचं एक उत्तर जुन्या हिशेबात आहे. साधारण २०१० च्या सुमाराचा विचार करा, डायरेक्ट डेबिट परत गेलं तर काही बँका ३५ पाउंडांपर्यंत दंड लावायच्या, महिन्यात दोनदा असं झालं की ७० पाउंड गेले. त्यापुढे ठरलेले साडेबारा पाउंड स्वस्तच होते, तो शहाणपणाचाच सौदा होता. पण जानेवारी २०१६ पासून त्या नऊ बँकांच्या बेसिक खात्यावर असा दंड बंद झाला, आणि एप्रिल २०२० मध्ये एफसीएने नेहमीच्या खात्यांवरचे ओव्हरड्राफ्टचे दिवसाचे आणि महिन्याचे ठरावीक दंडही काढून टाकले. हिशेब उलटला. जाहिराती आणि लोकांच्या डोक्यातली भीती मात्र जुन्याच राहिल्या, आणि दहा वर्षांपूर्वी भावाने सांगितलेला सल्ला बहीण आजही पाळते.

दुसरं उत्तर जास्त कडू आहे. शाखेत जाऊन तुम्ही 'खातं उघडायचंय' म्हणालात तर समोरचा मुलगा नेहमीच्या करंट अकाउंटचा फॉर्म भरतो. तो फेल होतो. कधी बेसिक देतात, कधी नुसतं 'सॉरी' म्हणतात आणि माणूस उठून पुढच्या बँकेत जातो, तिथे परत तेच, आणि बऱ्याचदा प्रत्येक अर्जाची हार्ड सर्च, म्हणजे इतरांनाही दिसणारी चौकशीची नोंद, फाइलवर उमटते आणि पुढचा नकार अजून सोपा होतो. म्हणून मी सांगतो की आत गेल्यावर पहिलं वाक्यच हे असू द्या, मला बेसिक बँक अकाउंट हवंय, नेहमीचं नको. नाव घेऊन मागा. वेबसाइटवर ते नेहमी सगळ्यात खाली असतं, सोन्याचांदीच्या नावांच्या खात्यांच्या पार खाली.

सिफासचं म्हणालो होतो. फसवणुकीची नोंद ठेवणारी ही संस्था १९८८ पासून आहे आणि बँका तिची यादी बघतात. फसवणुकीचा मार्कर लागला तर तो सहा वर्षं राहतो, आणि यात सापडतात ती बऱ्याचदा विद्यार्थी पोरं, कुणीतरी म्हणालं तुझ्या खात्यावर पैसे येऊ दे, काढून दे, शंभर पाउंड तुला. याला मनी म्यूल म्हणतात आणि 'मला माहीत नव्हतं' हे सहसा ऐकलं जात नाही. इथे बेसिक अकाउंटचा हक्कही अडतो कारण फसवणुकीच्या कारणावरून बँकेला नकार देता येतो, म्हणून अशा माणसासाठी फीवालं ई-मनी खातं कधीकधी खरंच एकमेव दार उरतं, आणि तेही उघडेल याची खात्री नाही. पण मार्कर चुकीचाही असू शकतो. सिफासकडे आपली माहिती फुकट मागता येते, महिन्याभरात उत्तर येतं, मग ज्या बँकेने मार्कर लावला तिच्याकडे तक्रार करायची, आठ आठवड्यांत समाधान झालं नाही तर बँकांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणारा फायनान्शियल ओम्बड्समन, तेही फुकट. पैसे घेऊन मार्कर काढून देतो म्हणणाऱ्या एजंटांपासून लांब राहा, ते करतात ते हेच.

क्रेडिट सुधारून देतो म्हणणाऱ्या खात्यांबद्दल थोडक्यात. त्यात फीचंच छोटं बिनव्याजी कर्ज दाखवायचं आणि दर महिन्याला हप्ता फेडला अशी नोंद पाठवायची, ही कल्पना खोटी नाही, कोऱ्या फाइलवर थोडा उपयोग होतो. पण मतदार यादीत नाव घालणं फुकट आहे, आणि तेही फाइलवर दिसतं. आपल्यापैकी भारतीय पासपोर्टवाल्यांना कॉमनवेल्थ नागरिक म्हणून इथे मतदानाचा हक्क आहे हे निम्म्या लोकांना माहीतच नसतं!

मागून कुणीतरी विचारतंय की जे आत्ता फी भरतायत त्यांनी काय करायचं, लगेच बंद करायचं का. नाही, घाई करू नका. ज्या बँकेचं तुमच्यावर काही देणं नाही अशा बँकेत आधी बेसिक खातं उघडा, कार्ड हातात येऊ द्या, एक पगार किंवा एक भत्ता त्यात पडू द्या, मग एकेक डायरेक्ट डेबिट हलवा. कामाच्या सात दिवसांत खातं बदलून देणारी स्विच सर्व्हिस २०१३ पासून आहे पण सगळ्या ई-मनी कंपन्या तिच्यात नाहीत, त्यामुळे बऱ्याचदा हे हातानेच करावं लागतं. जुन्या खात्याला पुढची फी लागायच्या आत लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा. आणि त्या डबेवाल्या ताईंसारखी व्यवस्था तुम्हाला जमली असेल तर ठेवा खुशाल, फक्त आपण पैसे कशाचे भरतोय ते बघा, डब्यांचे भरत असाल तर ठीक आहे, नुसतं 'हो' ऐकण्याचे भरत असाल तर ते 'हो' २०१६ पासून फुकट आहे. बेसिक खात्याच्या ॲपमध्येही आता बऱ्याच ठिकाणी पैसे बाजूला ठेवायची सोय असते, ती आधी बघून घ्या. पुढचा प्रश्न?