मर दिसायच्या आधी मुळाशी काय घडतं

मंडळी, तुरीला मर, म्हणजे झाड वाळवणारा बुरशीचा रोग, लागली हे आपल्याला कळतं फुलोऱ्यात, नाहीतर शेंगा भरताना. पानं पिवळी पडतात, एखादी फांदी वाळते आणि बघता बघता झाड उभ्याचं उभं जातं. बुरशी मात्र त्याच्या कितीतरी आधी मुळात शिरलेली असते. तेवढे दिवस झाड तिच्याशी झुंजत असतं, आणि त्या झुंजीत आपण त्याच्या बाजूने काय करतो, हे मला आज सांगायचंय.

मुळाचं टोक मातीत घुसताना अंगावरच्या पेशी सोडत जातं. त्या सुटल्यावरही जिवंत राहतात आणि टोकाभोवती चिकट थर धरतात. बुरशी पहिल्यांदा अडते ती तिथे. वाटाण्याच्या मुळांवर प्रयोग झाले, तेव्हा या थरात चक्क डीएनए सापडला; तो नष्ट केला तर टोकाला रोग जास्त लागला. एवढं सगळं मातीखाली, आपल्या नजरेआड.

हा थर ओलांडला, तर सालीतल्या पेशी आपल्या भिंती जाड करतात, बुरशीची भिंत फोडणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, सोडतात. हरभरा मेडिकार्पिन नावाचं बुरशीला मारक द्रव्य बनवतो. पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, द्रव्य आपलं वेगळं, गॉसिपॉलच्या जातीचं.

खरी गोष्ट पुढे आहे. मर लागलेल्या तुरीचं खोड बुडाशी उभं चिरून बघा. आत काळपट रेघा दिसतील. त्या पाणी वाहणाऱ्या नळ्या. बुरशी त्यांत शिरली की शेजारच्या पेशी नळीत फुगे सोडतात, डिंकाळ पदार्थ ओततात आणि झाड स्वतःच ती नळी बंद करतं. प्रतिकारक वाणात हे लवकर होतं, खालीच होतं, आणि उरलेल्या नळ्या झाडाला जगवतात. नाजूक वाणात बुरशी पुढे पळते आणि झाड मागून नळ्या बुजवत राहतं. म्हणून वावरात ओल असूनही तूर वाळते, आणि वरून पाणी दिलं तरी उठत नाही. पानांवर फवारलेलं औषधही तिथे पोचत नाही. तो पैसा वाचवा.

त्याऐवजी वाण बघून घ्या: तुरीत आशा किंवा बीएसएमआर ७३६, हरभऱ्यात जाकी ९२१८. बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळा. ती चांगली बुरशी मुळावर वस्ती करते आणि झाडाला आधीच सावध करते. दारव्हा-दिग्रसकडच्या भारी जमिनीत पाणी साचतं, तिथे चर काढाच. हवा नाही मिळाली तर मूळ लढणार कशाच्या जोरावर?

आणि ज्वारी. पूर्वी आपल्याकडे ज्वारीतच तूर असायची. सोयाबीन आलं, ज्वारी गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ज्वारीच्या सोबतीने तुरीची मर कमी होते, हे प्रयोगांतही दिसलंय. चार तासं तरी पेरून बघा.

हरभऱ्याच्या मरीची बुरशी पीक नसतानाही ६ वर्षं मातीत टिकते, तेव्हा एका वर्षाच्या फेरपालटाने ती जात नाही. तुरीची बुरशी रोगट धसकटांत तग धरते. म्हणून मर लागलेली झाडं मुळासकट उपटून धुऱ्याबाहेर न्या आणि जाळा. रोटाव्हेटर फिरवून तीच वावरात कालवू नका.