एरर आली की आधी बघा, बोलतंय कोण

नमस्कार मंडळी. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी सी या प्रोग्रामिंग भाषेची सुरुवात टर्बो सी या जुन्या सॉफ्टवेअरवर केली असणार, ती निळी स्क्रीन, कंट्रोल एफ 9 दाबलं की प्रोग्राम रन होतो, आउटपुट झरकन निघून जातं म्हणून शेवटी की दाबेपर्यंत स्क्रीन थांबवणारं गेटसीएच टाकायचं, हे सगळं हाताला बसलेलं असतं. पण त्या एका बटणामागे चार वेगवेगळी कामं होतात हे आपल्याला कुणी उघडून दाखवतच नाही, आणि मग एरर आली की पोरं घाबरतात. म्हणून आज मी फक्त टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, आणि जीसीसी हा कंपायलर, म्हणजे आपला कोड मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्राम, एवढंच घेऊन आलोय.

जीसीसी 1987 मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी आणला, तेव्हा तो फक्त सी चा कंपायलर होता, आता त्यात सी प्लस प्लस, फोरट्रान वगैरे बरंच काही आहे. उबुंटूवर बिल्ड-इसेन्शियल नावाचं पॅकेज टाकलं की झालं, विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय, घ्यावं, त्यात मी जास्त वेळ घालवत नाही.

महत्त्वाचं हे, की आपण जी जीसीसी कमांड टाइप करतो ती मुकादम आहे. ती स्वतः राबत नाही, कामं वाटून देते. आधी प्रीप्रोसेसिंग, म्हणजे हॅशवाल्या सगळ्या ओळी सोडवायच्या, मग खरं कंपाइल करून असेम्ब्ली, म्हणजे मशीनच्या सूचना अक्षरांत लिहिलेल्या, बनवायची, मग असेम्ब्लर त्याची ऑब्जेक्ट फाइल, म्हणजे मशीनच्या भाषेतला सुटा तुकडा, करतो, आणि शेवटी लिंकर, ज्याचं नाव एलडी, तो सगळे तुकडे जोडून चालणारी फाइल देतो. पटत नसेल तर कमांडमध्ये -सेव्ह-टेम्प्स टाका, मधल्या सगळ्या फाइली फोल्डरमध्ये राहतात. डॉट आय वाली फाइल उघडून बघाच, तुमचा पाच ओळींचा हॅलो वर्ल्ड शेकडो ओळींचा झालेला असतो, कारण प्रिंटएफ वगैरेची ओळख करून देणारी अख्खी हेडर फाइल, एसटीडीआयओ डॉट एच, त्यात ओतलेली असते.

आता हे कळल्याने फायदा काय, तर एरर वाचता येते. एक मुलगा माझ्याकडे आला होता, दोन दिवस अडकलेला. प्रोग्राममध्ये वर्गमूळ काढणारं एसक्यूआरटी फंक्शन वापरलं होतं, मॅथ डॉट एच वर व्यवस्थित इन्क्लूड केलेलं, तरी अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूआरटी, आणि खाली एलडी रिटर्न्ड 1 एक्झिट स्टेटस. तो बिचारा कोडमध्ये सेमीकोलन शोधत बसला होता. अरे, पण एलडी म्हणतोय ना, म्हणजे लिंकर बोलतोय, म्हणजे तुझा कोड कंपाइल होऊन पुढे गेलेला आहे, तिथे शोधून काही मिळणार नाही. हेडरमध्ये फक्त एवढंच लिहिलेलं असतं की या नावाचं फंक्शन आहे, ते डबल, म्हणजे दशांश आकडा, घेतं आणि डबल देतं. फंक्शनचा खरा कोड वेगळ्या लायब्ररीत असतो आणि ती जोडायला कमांडच्या शेवटी -एलएम लिहावं लागतं. शेवटी म्हणजे शेवटीच हं, उबुंटूवर ते तुमच्या फाइलच्या आधी लिहिलं तर तीच एरर परत येते, कारण लिंकर डावीकडून उजवीकडे वाचत जातो आणि तोवर कुणी ते फंक्शन मागितलेलंच नसतं.

त्या मुलाचा पुढचा प्रश्न मला फार आवडला. म्हणाला, सर, मित्राच्या प्रोग्रामात पण एसक्यूआरटी आहे, त्याचा -एलएम न लावता कसा चालतो? बघितलं तर मित्राने थेट 2.0 चं वर्गमूळ मागितलं होतं. आकडा आधीच माहीत असला की जीसीसी उत्तर स्वतः काढून तिथे लिहून टाकतो, लायब्ररीची गरजच पडत नाही. माझ्याकडे आलेल्या मुलाने मात्र आकडा युजरकडून घेतला होता.

दुसरी गोष्ट वॉर्निंग. कमांडमध्ये -वॉल (-Wall), म्हणजे वॉर्निंग दाखवायला सांगणारा पर्याय, लावल्याशिवाय कंपाइल करूच नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. युजरकडून आकडा घेणाऱ्या स्कॅनएफमध्ये अँडचं चिन्ह (&) लिहायचं राहिलं तरी प्रोग्राम कंपाइल होतो आणि रन केल्यावर बहुतेक वेळा सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे भलत्याच मेमरीला हात लावल्याची एरर, देऊन मरतो. -वॉल असेल तर जीसीसी ओळ नंबरासकट सांगतो की इथे इंटचा पॉइंटर, म्हणजे पूर्णांक ठेवलेल्या जागेचा पत्ता, हवा होता, तू नुसता इंट दिलास. आणि वीस एरर आल्या तर सगळ्यात वरची आधी दुरुस्त करायची आणि परत कंपाइल करायचं, बाकीच्या बऱ्याचदा त्याच एका कंसामुळे आलेल्या असतात.

अजून एक, प्रोग्रामचं नाव टेस्ट ठेवू नका. नुसतं टेस्ट टाइप केलं तर शेलची स्वतःची टेस्ट कमांड चालते, स्क्रीनवर काहीच येत नाही आणि माणूस आपल्या कोडला दोष देत बसतो. आपलाच चालवायचा तर नावाच्या आधी डॉट स्लॅश (./) लावा.

शेवटचा प्रोग्राम सगळ्यांनी लॅपटॉप उघडून माझ्याबरोबर करा, साधा फॅक्टोरियल, म्हणजे 1 पासून त्या आकड्यापर्यंत सगळ्यांचा गुणाकार, इंट वापरून. टर्बो सी मध्ये इंट दोन बाइटचा, म्हणून 7 चं 5040 बरोबर यायचं आणि 8 चं थेट -25216, निदान मायनस बघून संशय तरी यायचा. इथे इंट चार बाइटचा आहे, 12 पर्यंत सगळं नीट. आता 13 द्या. 1932053504 आलं ना? मायनस नाही, आकडा मोठा, दिसायला एकदम खरा, आणि साफ चूक, खरं उत्तर 6227020800 आहे. -वॉलने पण काही सांगितलं नाही, कारण कंपाइल करताना तुम्ही 13 देणार हे त्याला कुठून कळणार. आता तोच प्रोग्राम -एफसॅनिटाइझ=अनडिफाइन्ड (-fsanitize=undefined), म्हणजे चालतानाच अशा चुका पकडणारा पर्याय, लावून परत कंपाइल करा आणि परत 13 द्या. बघा, साइन्ड इंटिजर ओव्हरफ्लो, म्हणजे आकडा जागेत न मावता उतू गेला, ओळ नंबर, आणि पुढे 479001600 गुणिले 13 इंटमध्ये मावत नाही, असं स्पष्ट. आणि त्याच्या खाली तोच चुकीचा आकडा अजूनही छापलेला आहे बघा, तो दुरुस्त तुम्हालाच करायचाय. इंटच्या जागी जास्त मोठे आकडे मावणारा लाँग लाँग लिहा, प्रिंटएफमधला फॉरमॅट पण बदला, आणि तो बदलायचा विसरलात तर काय होतं तेही -वॉल लावून एकदा बघून घ्या.