पहिलं कन्फेशन, पहिला ख्रिस्तप्रसाद: खान्देशातली तयारी

"फादर माझ्या पप्पांना सांगतील का?"

पहिल्या कन्फेशनची, म्हणजे आपली पापं फादरजवळ सांगून क्षमा मागायच्या पापनिवेदनाची, तयारी चालू असते तेव्हा धर्मशिक्षणाच्या वर्गात एक ना एक पोरगं हा प्रश्न विचारतंच, आणि त्याने विचारला की बाकीची सगळी गप्प होऊन शिकवणाऱ्या सिस्टरकडे, म्हणजे ननकडे, बघायला लागतात, कारण प्रत्येकाच्या मनात तेच चाललेलं असतं. उत्तर एका शब्दात आहे. नाही. पप्पांना नाही, वर्गातल्या टीचरला नाही, पोलिसांना पण नाही. चर्चच्या कायद्यात, म्हणजे कॅनन लॉमध्ये, कलम ९८३ आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की पापनिवेदनात ऐकलेलं धर्मगुरूने कुठल्याही कारणासाठी आणि कुठल्याही प्रकारे बाहेर काढायचं नाही, आणि त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात, ज्याने थेट हे मोडलं त्याला बहिष्काराची शिक्षा, चर्चकडे याहून मोठी शिक्षा नाही. हे आठ वर्षांच्या मुलाला सांगितलं ना, की एवढा मोठा कायदा तुझ्या एवढ्याशा गोष्टीसाठी सुद्धा लागू आहे, तर त्याचा चेहराच बदलतो.

खान्देशात कॅथलिक लोक थोडे. भुसावळसारख्या जंक्शनच्या गावात रेल्वेच्या नोकरीने बाहेरून आलेली घरं आहेत, इकडे नंदुरबारच्या बाजूला आदिवासी पाड्यांवरची कुटुंबं आहेत, आणि हा सगळा भाग नाशिक धर्मप्रांतात (धर्मप्रांत म्हणजे एका बिशपच्या हाताखालचा भाग) येतो जो १९८७ साली पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला. त्यामुळे एकाच बाकावर बघा कशी पोरं बसतात, एक इंग्लिश मीडियमचं, एक घरी अहिराणी बोलणारं, एक पावरी नाहीतर मावची बोलणारं. प्रार्थना मात्र पुस्तकी मराठीत. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" आणि "नमो मरिया" पाठ होतात पटापट, पाठांतराला आपली पोरं कुठे कमी नाहीत. पण पाठ झालं म्हणजे तयारी झाली असं नाही, खरी तयारी तिथून पुढे सुरू होते.

"माले भेव वाटस," असं एखादी मुलगी हळूच म्हणते. मग सिस्टर तिला सांगतात की बाई, तू जशी आईशी बोलतेस तशीच बोल. हे नुसतं समजूत काढायला म्हटलेलं नाही. चर्चने कन्फेशनसाठी भाषेची अट कधी घातलेलीच नाही, उलट कलम ९९० प्रमाणे गरज पडली तर दुभाष्या घेऊन सुद्धा पापनिवेदन करता येतं, आणि तो दुभाष्या पण तेवढाच गुप्ततेने बांधलेला असतो. सातपुड्यातल्या लेकराला दुभाष्या बसवायला लागू नये, फादरनेच त्याची बोली शिकून घ्यावी, हे आमचं स्पष्ट मत आहे, आणि जे फादर शिकतात त्यांच्यापुढे पोरं किती मोकळी होतात ते बघण्यासारखं असतं.

आता सात-आठ वर्षांचंच मूल का? आधी असं नव्हतं. १२१५ साली रोममध्ये भरलेल्या चर्चच्या लॅटरन परिषदेने ठरवलं होतं की समज आलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावं आणि पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, काळात ख्रिस्तप्रसाद (चर्चमधल्या मिस्सा या उपासनेत ख्रिस्ताचं शरीर म्हणून मिळणारी भाकर) घ्यावा, पण समज कधी येते यावर वाद चालत राहिला आणि मुलांना दहा, बारा, कुठे कुठे चौदा वर्षांपर्यंत थांबवून ठेवायचे. मग १९१० च्या ऑगस्टमध्ये पोप दहावे पायस यांनी आदेश काढला, साधारण सातव्या वर्षी समज येते, साधी भाकर आणि ख्रिस्तप्रसाद यातला फरक मुलाला कळला की बास, मोठ्या माणसाएवढं धर्मज्ञान त्याच्याकडून मागू नका. आज आपण ज्या वयाला धरून चालतो ते तिथून आलेलं आहे.

वर्गातला सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे चूक आणि पाप वेगवेगळं करणं. हातातून कपबशी पडली, फुटली, हे पाप नाही. फुटल्यावर ती धाकट्या भावाच्या नावावर टाकली, मग मात्र पाप, कारण ते माहीत असून आणि मनाने केलं. स्वप्नात काही वाईट दिसलं, पाप नाही. राग आला, तेवढ्यावर पाप नाही, रागात मुद्दाम कुणाला रडवलं तर आहे. पोरांना हे पटकन कळतं, आणि एक गोष्ट अशी की जी मुलं फार घाबरलेली असतात ना, त्यांच्या मनावर बऱ्याचदा असंच ओझं असतं जे पाप नसतंच मुळी. सिस्टर दहा आज्ञा घेतात पण यादी म्हणून घेत नाहीत, घरात काय झालं, शाळेत काय झालं, शेजारच्या केळीच्या बागेत काय झालं असं विचारत विचारत जातात. मग हरवलेल्या मेंढराची गोष्ट, लूकच्या शुभवर्तमानातली. शेळ्या चारायला जाणाऱ्या पोरांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही, संध्याकाळी एक शेळी कमी भरली की काय होतं ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे.

घरच्यांना मात्र हात जोडून एक सांगायचंय. "थांब, तुला फादरकडेच नेते" ही धमकी बंद करा. आई हे सहज बोलून जाते, तिचा हेतू वाईट नसतो, पण पोराच्या डोक्यात फादर म्हणजे फौजदार होऊन बसतो आणि मग वर्षभराची मेहनत एका वाक्यात पाण्यात जाते. कलम ९१४ मध्ये मुलांच्या तयारीची जबाबदारी सगळ्यात आधी आईवडिलांवर टाकलीय, धर्मगुरूचं नाव त्याच्यानंतर येतं. रविवारचा एक तास सिस्टरचा, बाकी आठवडा तुमचाच आहे. झोपायच्या आधी आज कुणाला दुखावलं का एवढं जरी एकमेकांना विचारलं, आणि आईबापांनी स्वतःचं पण सांगितलं, तर पोराला कन्फेशन नवीन वाटतच नाही.

मग प्रॅक्टिस. आत जायचं, क्रुसाची खूण करायची, हे माझं पहिलं पापनिवेदन आहे म्हणायचं, जे आहे ते सांगायचं, फादर बोलतील ते ऐकायचं, पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायची, क्षमा मिळाली की बाहेर येऊन दिलेलं प्रायश्चित्त करायचं. प्रार्थना मध्येच विसरली तर फादर सोबत म्हणतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. जाळीच्या आडून बोलायचं की समोर बसून, हे मुलाला निवडू द्यावं, आणि समोर बसून असेल तर बाहेरून सगळ्यांना दिसेल पण ऐकू येणार नाही अशी जागा हवी. यात संकोच करायचं काही कारण नाही, मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

कन्फेशन आधी आणि ख्रिस्तप्रसाद नंतर, हा क्रम ठरलेला. ख्रिस्तप्रसादाच्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो, भाकर म्हणतात मग आपल्या कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीची का नाही? तर मिस्साची भाकर फक्त गव्हाची, पीठ आणि पाणी, खमीर नाही मीठ नाही, येशूने शेवटच्या भोजनात जे घेतलं त्याला धरून. अर्पण न केलेल्या भाकरीवर पोरांची प्रॅक्टिस होते, उजव्या हातावर डावा हात, समोर "ख्रिस्ताचे शरीर" म्हटलं की "आमेन", आणि तिथेच तोंडात घ्यायचं, हातात धरून जागेवर न्यायचं नाही. आधी एक तास काही खायचं नाही, पण पाणी आणि औषध चालतं. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो तेव्हा हे नीट सांगायलाच लागतं, नाहीतर पोरं तहानलेली बसतात आणि मिस्सात चक्कर येते.

पांढरा फ्रॉक, डोक्यावर व्हेल म्हणजे पातळ ओढणी, हातात मेणबत्ती, हे सगळं सुंदर दिसतं, दिसू दे. पण संस्काराला यातलं काहीच लागत नाही, आणि ज्या घरात कर्ज काढून ड्रेस येतो तिथे फादरनेच आधी जाऊन सांगायला पाहिजे की स्वच्छ धुतलेला शाळेचा युनिफॉर्म पण चालेल. सगळ्यांना सारखा साधा ड्रेस ठेवला तर आणखी चांगलं, मग कुणाची आई कोपऱ्यात उभी राहत नाही.

सगळ्यात अवघड आहे ते ऊसतोडीचं. दिवाळीनंतर नंदुरबार-धुळ्याकडची कितीतरी कुटुंबं कोयता घेऊन गुजरातेत जातात, पोरं पण सोबत, वर्ग अर्धा रिकामा. अशा मुलांना पुढच्या वर्षी या म्हणणं म्हणजे १९१० च्या आधीच्या काळात परत जाणं झालं. म्हणून तयारी होळीनंतर घ्यावी, माणसं परत आल्यावर, रोज थोडी थोडी, उन्हं उतरल्यावर. आणि पुन्हा जायची वेळ आली की कुठल्या तालुक्यात, कुठल्या कारखान्याच्या पट्ट्यात पडाव असणार ते विचारून घ्यावं आणि तिकडच्या फादरना फोन करून ठेवावा, कारण या पोरांचं दुसरं कन्फेशन बहुतेक तिथेच होणार आहे.