घोटीच्या पुढचा पाऊस आणि जुन्या गाडीचा वायपर

(दृश्य: मुंबई-आग्रा महामार्ग, ढगाळ सकाळ)

नाशिकहून मुंबईकडे निघालेल्या गाडीची काच विल्होळीपर्यंत कोरडी असते. वाडीवऱ्हे ओलांडलं की भुरभुर लागते आणि घोटीच्या पुढे पाऊस असा धरतो, की वायपरशिवाय बॉनेटही दिसत नाही. उन्हाळाभर शेडमध्ये उभी असलेली प्रीमियर पद्मिनी नाही तर ॲम्बेसेडर नेमकी इथे दगा देते. वायपर काचेच्या मध्यावर येतो, कण्हतो आणि तिथेच राहतो.

मग निदान ठरलेलं. मोटर गेली, नवी टाका. पण गेलेली बऱ्याचदा मोटर नसते. फ्यूज, अर्थिंग (गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परतीची जोडणी) आणि लिंकेज (मोटरीपासून वायपरपर्यंतच्या दांड्या) या तिघांचं पाप तिच्या माथी मारलं जातं. म्हणून तपासणी मोटरीपासून सुरू करायची नाही, मोटरीवर संपवायची.

आधी काचेवर तांब्याभर पाणी. उन्हाने कडक झालेलं रबर कोरड्या काचेवर घासलं, तर धडधाकट मोटरही रडते.

(दृश्य: फ्यूज बॉक्स, अगदी जवळून)

पद्मिनीसारख्या फियाट घराण्यातल्या गाड्यांत हे चिनी मातीचे, टोकदार फ्यूज असतात. पांढरा म्हणजे ८ अँपिअरचा. वरची पट्टी शाबूत दिसते, म्हणून माणूस पुढे जातो. फ्यूज बोटाने जागच्या जागी गोल फिरवून बघा. टोकांवर साचलेला मळकट थर खरवडला जातो आणि कित्येकदा वायपर तिथेच चालू होतो. चालू झाला तरी क्लिपा घासून, चिमटून घट्ट करायच्याच. नुसत्या फिरवण्याने भागलं तर ते आठवडाभर.

आता मल्टिमीटर. मोटरीच्या वायरींचा प्लग काढून व्होल्टेज मोजण्याची चूक सर्रास होते. गंजलेली वायरही तेव्हा १२ व्होल्ट दाखवते, कारण तिच्यातून करंट वाहतच नसतो. प्लग जोडलेला, स्विच चालू, मोटर ओढत असताना मोजायचं. मग मीटरचं एक टोक मोटरीच्या बॉडीला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. इथे अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला, तर अर्थिंग खराब.

नव्याने रंगवलेल्या गाड्यांत हा दोष हमखास. मोटर रबरी बुशांवर बसवलेली असते, त्यामुळे तिला अर्थ मिळतो तो एका स्क्रूखालच्या छोट्या वायरीतून. डेंटिंग-पेंटिंगवाल्याने त्या जागेवर झकास रंग मारलेला असतो. स्क्रूखाली रुपयाएवढी जागा पत्र्यापर्यंत खरवडली, की काम झालं. ब्रिटिश घराण्यातल्या फार जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे पत्र्याला बॅटरीचं प्लस टोक जोडलेलं, असू शकतो, तेव्हा बॅटरीची वायर कुठे गेली आहे ते आधी पाहून घ्या.

(दृश्य: मोटर टेबलावर, दोन वायरी)

एवढं करूनही वायपर हलत नसेल, तर मोटर लिंकेजपासून सोडवायची. क्रँकचा, म्हणजे मोटरीच्या शाफ्टवरच्या छोट्या दांडीचा, नट सोडताना क्रँक दुसऱ्या पान्याने धरायचा, नाही तर सगळा जोर आतल्या गिअरच्या दातांवर जातो. त्याआधी क्रँक आणि शाफ्टवर रंगाची एक रेघ मारून ठेवा.

बॅटरीवरून सरळ सप्लाय द्यायचा, प्लसच्या वायरीत १० अँपिअरचा फ्यूज आणि ॲमीटर घालून. ल्युकास या ब्रिटिश कंपनीच्या १४ डब्ल्यू या दोन वेगांच्या मोटरीचे आकडे असे: मोकळी फिरताना हळू वेगावर साधारण दीड अँपिअर, जलद वेगावर दोन. मिनिटाला फेरे ४६ ते ५२, आणि जलद वेगावर ६० ते ७०. घड्याळ लावून मोजा. इतर दोन वेगी मोटरींना अंदाजापुरते हेच आकडे धरायला हरकत नाही. मॅग्नेटऐवजी फिल्ड कॉइल असलेल्या जुन्या मोटरी मात्र मोकळ्या फिरतानाही तीनेक अँपिअर घेतात.

निदान या दोन आकड्यांच्या जोडीत असतं. फेरे कमी आणि करंट जास्त, तर शाफ्टला आधार देणारे बुश सुकलेत, ग्रीस गोठलंय किंवा आर्मेचर (आतला फिरणारा, तारा गुंडाळलेला भाग) शॉर्ट आहे. फेरे कमी आणि करंटही कमी, तर कार्बन (आर्मेचरला करंट पोचवणारे घासते तुकडे) संपलेत नाही तर कॉम्युटेटर (ते ज्यावर घासतात ती तांब्याची कडी) काळा पडलाय. दोन्ही ठीक असतील, तर मोटर निर्दोष, दोषी लिंकेज.

लिंकेज हाताने हलवून बघायचं. वायपर आर्मच्या बुडाशी असलेला स्पिंडल पावसाचं पाणी झिरपून जाम होतो. तेल सोडून, हाताने मागेपुढे करत मोकळा करावा लागतो. मॉरिस घराण्यातल्या काही गाड्यांत लिंकेजऐवजी नळीतून सरकणारी दातेरी केबल असते. आर्म काढून ती स्प्रिंगच्या काट्याने ओढायची. पावणेतीन किलोच्या आत सरकली पाहिजे.

(दृश्य: मोटर उघडताना)

मोटर उघडण्याआधी गिअरबॉक्स आणि मॅग्नेटचं भांडं यांवर खूण हवीच. भांडं अर्धा वळसा फिरून बसलं, की मोटर उलटी फिरते. हातोडी लांब ठेवा. मॅग्नेट चिनी मातीसारखे तडकतात. आतलं ग्रीस बघा: खरवडलं तर मेणासारखी सालपटं निघतात. रॉकेलने धुऊन नवं लिथियम ग्रीस भरायचं. कार्बन झिजून ५ मिलीमीटरपेक्षा कमी उरले असतील तर बदलायचे. कॉम्युटेटर पेट्रोलच्या फडक्याने पुसायचा, एमरीने घासायचा नाही. तिची पूड फटींत अडकते. बुश नवे टाकायचे असतील, तर बसवण्याआधी २४ तास पातळ इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा.

आर्मेचर जळलं असेल, तर वास येतोच. मग रिवाइंडिंग किंवा बदली. अंबड-सातपूर लिंक रोडवरचा भंगार बाजार महापालिकेने २०१७ साली हटवला, तेव्हापासून जुनी मोटर शोधताना पायपीट वाढली आहे. दुकानात नुसतं गाडीचं नाव सांगू नका, जुनी मोटर सोबत न्या. शाफ्टचे दाते, फिरण्याची दिशा, पुसण्याचा कोन आणि पार्किंगची (ब्लेड खाली आणून थांबवणारी) वायर, चारही जुळायला हवं.

पार्किंगमध्ये नवखा हमखास फसतो. स्विच बंद केल्यावरही आतली चकती ब्लेड खाली येईपर्यंत करंट चालू ठेवते. मग सप्लाय तोडून मोटर अर्थशी जोडते आणि ती जागच्या जागी थांबते. हा दुसरा संपर्क झिजला, तर ब्लेड थांबायच्या जागेवरून पुढे निसटतात आणि फेऱ्या मारत राहतात. वायर चुकीच्या टोकाला लागली, तर दर फेऱ्याला पार्किंगच्या जागी फ्यूज उडतो. वायरीच्या रंगांवर विसंबू नका, चाळीस वर्षांत त्या कितीजणांनी बदलल्या असतील.

नवी मोटर बसवताना आर्म आधी लावायचे नाहीत. मोटर चालवायची, स्विचने बंद करायची, ती पार्किंगला थांबली की क्रँक जुन्या मोटरीवरच्या खुणेप्रमाणे बसवायचा. मग काचेवर चिकटपट्टी लावून ठरवलेल्या रेषेत आर्म. उलट क्रमाने केलं, तर पहिल्याच फेऱ्यात ब्लेड बॉनेटवर आपटतं आणि नव्या रंगाची वाट लागते.

(दृश्य: पाण्याच्या पाइपाखाली चालणारे वायपर)

पाइपाने पाणी सोडून दहा मिनिटं सलग चालवा आणि मोटरीवर हात ठेवा. कोमट लागली तर ठीक. हात ठेववत नसेल, तर मोटर पुन्हा काढू नका. लिंकेज अजून कुठेतरी अडतंय.