हूवर, शेड आणि दोन खेकडे

मंडळी, बसा, मागच्यांनी पंख्याकडे सरका. विषय तुम्हाला माहितीये, ब्रिटिश इंजिनांची टोपणनावं. माझं म्हणणं एवढंच की तिकडच्या रेल्वेवेड्यांनी वाफेच्या इंजिनांना नावं ठेवली ती डोळ्याने बघून, आणि डिझेलला ठेवली ती कानाने ऐकून. हे आज पुराव्यासकट सिद्ध करणार आहे, फक्त आधी एक तक्रार मोकळी करतो.

एका मासिकाला लेख दिला होता, नाव घेत नाही, संपादक भला माणूस आहे. लेखात क्लास 66 होतं. मालगाडीचं इंजिन, अमेरिकन कंपनीचं, कॅनडात बनवलेलं, 1998 पासून ब्रिटनमधे यायला लागलं, आणि त्याचं छप्पर दोन्हीकडे असं उतरतं की लोक त्याला 'शेड' म्हणतात, परसात कुदळ-फावडी ठेवायची असते ना, ती शेड. मी लिहिलं, "तेवढ्यात स्टेशनात शेड आली." साहेबांना वाटलं काहीतरी राहिलंय. छापून आलं, "तेवढ्यात स्टेशनात शेड उभारण्यात आली." तेवढ्यात! आणि पुढच्याच वाक्यात ती शेड वाघिणी ओढत निघून गेली, ते मात्र जसंच्या तसं ठेवलंय. वर एका वाचकाचं पत्र, की बघा तिकडे कामं कशी झटपट होतात, आमच्या स्टेशनवर आम्ही वर्षानुवर्षं भिजतोय. फोन केला तर म्हणाले, अहो कंसात क्लास 66 लिहायचं ना. कंसात कशाला? प्लॅटफॉर्मच्या टोकाला थर्मास घेऊन पावसात उभा असलेला माणूस कंसात बोलत नाही हो.

कंसातली नावं ऑफिसात ठरतात. एलएमएस या ब्रिटिश रेल्वे कंपनीच्या जुबिली क्लासमधे वाफेची 191 इंजिनं, नावं शोधता शोधता दमले असणार, मग साम्राज्यातले प्रांत आणि संस्थानं ओळीने उतरवून काढली. 5576 बॉम्बे, 5593 कोल्हापूर. हो, कोल्हापूर! 1934 ला ग्लासगोत बनलं, 1967 पर्यंत धावलं, आणि तिकडच्या हौशी लोकांनी ते भंगारात जाण्यापासून वाचवून जपलंय. (मागून कोणीतरी "जगात भारी" म्हणालं. नोंद घेतली.)

आता डोळ्याची नावं. वाफेच्या इंजिनाची सगळी यंत्रं बाहेर लटकलेली, नजर पडणारच. 1926 चं ह्यूज या इंजिनिअरचं इंजिन घ्या, सिलिंडर मोठे, फलाटाला घासायला नकोत म्हणून वर उचलून तिरके बसवले, तर नाव पडलं क्रॅब, म्हणजे खेकडा. बुलीड या दुसऱ्या इंजिनिअरच्या 'मर्चंट नेव्ही' नावाच्या इंजिनांना 1941 मधे पत्र्याचं सपाट आवरण चढवलं, कंपनी त्याला एअर-स्मूद्ड म्हणायची, लोक म्हणाले स्पॅम कॅन, युद्धात टिनमधलं मांस खाऊन कंटाळलेले बिचारे. आणि गंमत म्हणजे खेकडा आपल्याकडेही होता, आपल्या जुन्या जीआयपी रेल्वेचं डब्ल्यूसीजी-1, 1928 पासून घाटात मालगाड्या चढवायचं, डिझाइन स्वित्झर्लंडचं पण बहुतेक इंजिनं इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत बनलेली, आणि लोकांनी नाव ठेवलं खेकडा. आता ते विजेचं होतं, ना वाफेचं ना डिझेलचं, तेव्हा माझ्या सिद्धांतात ते बसत नाही असं कोणी म्हणणार असेल तर बाजूचे रॉड बाहेर दिसायचे की नाही तेवढं सांगा, म्हणजे डोळ्याचंच.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं. मुख्य मुद्दा आता पळवतो.

डिझेल म्हणजे बंद खोका, बघण्यासारखं काही नाही, म्हणून कान. इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीच्या एकाच घराण्यातली इंजिनं बघा. आठ सिलिंडरचं क्लास 20, हेलिकॉप्टरसारखं फडफडतं, चॉपर. बारा सिलिंडरचं क्लास 37, ट्रॅक्टर. सोळा सिलिंडरचं क्लास 40, टर्बोची शिट्टी, व्हिसलर. आणि सोळाचंच क्लास 50, हवा गाळायच्या पंख्यांचा आवाज व्हॅक्यूम क्लीनरसारखा, आणि व्हॅक्यूम क्लीनरला तिकडे हूवर म्हणतात, म्हणून हूवर. पुढे डॉनकास्टरला दुरुस्ती करताना ते पंखेच काढून टाकले, आवाज गेला, तरी हूवर ते हूवरच. हाच माझा हुकमी पुरावा, कारण रंग बदलला, मालक बदलला तरी पहिल्या डब्यात खिडकीबाहेर डोकं काढून बसणाऱ्यांनी एकदा ऐकलेलं सोडलं नाही. त्यांना बॅशर म्हणतात, त्यांच्यावर वेगळं व्याख्यान लागेल.

नंतरच्या इंजिनांत नावं परत डोळ्याकडे वळली. क्लास 56 च्या तोंडावर जाळी, म्हणून ग्रिड, 58 चा आकार हाडासारखा, म्हणून बोन. पेसर नावाची छोटी डिझेल गाडी तर बऱ्याचदा लेलँडच्या बसचा सांगाडा चार चाकांवर ठेवलेला, रुळांच्या सांध्यावर अशी मान टाकायची की नॉडिंग डाँकी, ते धड डोळ्याचं नाही धड कानाचं नाही, पाठीच्या कण्याचं आहे.

डेल्टिक नावाचं डिझेल? विचारणार हे माहीत होतं. ते टोपणनाव नाहीच, आत बसवलेल्या नेपियर कंपनीच्या त्रिकोणी रचनेच्या इंजिनाचंच नाव ते, 22 लोको, प्रत्येकी 3300 हॉर्सपॉवर. चला, उठा, चहा गार होतोय.