कोरड्या लेनवर कमजोर बॉल

आज सांगायचं ते आधी एका वाक्यात सांगून टाकतो, म्हणजे शेवटी वेळ कमी पडला तरी मी मोकळा. टेनपिन बोलिंगमध्ये कोरड्या, म्हणजे तेल नसलेल्या लेनवर ताकदवान, म्हणजे जास्त वळणारा बॉल घेऊ नका, कमजोर घ्या. समोर बसलेले बरेचसे शनिवारी लेनवर भेटणारेच आहेत, त्यामुळे फाउल लाइन कुठे आणि पॉकेट कुठे हे समजावत बसत नाही. सोबत बळजबरीने आणलेल्या घरच्या मंडळींसाठी एवढंच: फाउल लाइन म्हणजे जिच्या मागून बॉल सोडायचा ती रेघ, आणि पॉकेट म्हणजे पहिली पिन आणि तिच्या शेजारची पिन यांच्यामधली फट. बाकी सहन करावं. चहा आहे नंतर.

दर मे महिन्यात मला कुणीतरी विचारतंच, ‘बाहेर 45 अंश तापलंय, त्यामुळे लेन कोरडी पडली का हो?’ नाही हो. आत एसी असतो, आणि लेनवरचं तेल उन्हाने उडून जात नाही. ते मुळात टाकावंच लागतं! फाउल लाइनपासून पहिली पिन 60 फुटांवर. त्यातल्या पहिल्या साधारण 40 फुटांवर मशीनने तेलाचा पातळ थर देतात, मधे जास्त आणि कडांना कमी. पुढची 20 फूट कोरडी. बॉल तेलावरून घसरत जातो, कोरड्यात पकड घेतो आणि वळतो. आपल्या खेळातली सगळी मजा या दोन पट्ट्यांत आहे. आता पहिल्या पट्ट्यावरचं तेलच गायब असेल, तर बॉल हातातून सुटल्या सुटल्या पकड घ्यायला लागतो.

तेल गायब का असतं? इथे मला जरा मन मोकळं करू द्या. मी जिथे खेळतो, नाव घेत नाही, तिथे तेल टाकायचं मशीन आहे. कोपऱ्यात आहे. त्यावर प्लास्टिकचं कव्हर आहे, आणि कव्हरवर वाढदिवसाच्या फुग्यांची खोकी. मॅनेजरला म्हटलं, बाळा, हे मशीन चालवायचं असतं. तो म्हणाला, ‘काका, कोण पाहून राहिलं तेल? पोरं लाइन ओलांडून आत जातात अन् घसरून पडतात. मग त्यांचे पप्पा मले बोलतात.’ आता यावर काय उत्तर द्यायचं? बिनतोड आहे. ज्या हॉलची कमाई वाढदिवसांवर चालते, तिथे तेल म्हणजे कटकटच. हाउस बॉल, म्हणजे हॉलचे रॅकवर ठेवलेले बॉल, प्लास्टिकचे, ते कोरड्यावरही बऱ्यापैकी सरळ जातात, कुणाचं काही अडत नाही. अडतं ते आपल्यासारख्या आठ-दहा वेड्यांचं. मी लेखी तक्रार दिली. त्यांनी ती पेटीत टाकायला सांगितली. पेटीला कुलूप होतं आणि किल्ली ज्याच्याकडे होती तो नोकरी सोडून पुण्याला गेला होता. (हसा, हसा. मलाही आता हसू येतं.)

बरं, सगळा दोष त्यांना देऊनही चालत नाही. सकाळी व्यवस्थित तेल दिलेली लेनसुद्धा दुपारपर्यंत कोरडी होते, कारण आपण सगळे त्याच रेषेवरून बॉल टाकतो. त्यातले रिअ‍ॅक्टिव्ह रेझिनचे बॉल तर तेल पितात. अक्षरशः. त्यांच्या कवचाला बारीक छिद्रं असतात. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला हे बॉल बाजारात आले आणि खेळच बदलला. त्याआधी युरेथेन, त्याच्याआधी पॉलिस्टर म्हणजे आपलं साधं प्लास्टिक, आणि त्याहून मागे रबर.

तर आमचे एक स्नेही. निवृत्त इंजिनिअर. नाव सांगत नाही, दुसऱ्या रांगेत बसलेत. मुलगा बेंगळुरूला, तिथून त्यांनी बॉल आणला. सॉलिड रिअ‍ॅक्टिव्ह म्हणजे लवकर पकड घेणारं कवच, आत असिमेट्रिक कोर म्हणजे सगळीकडून सारखा नसलेला वजनाचा गाभा, वरचा पृष्ठभाग घासून खडबडीत केलेला. थोडक्यात, तेलाने थबथबलेल्या लेनसाठी जन्मलेला बॉल. किंमत विचारली तर वहिनींकडे बघून गप्प बसले. पहिला थ्रो टाकला. बॉल अर्ध्या लेनवरच डावीकडे वळला, आणि पिनांच्या अलीकडेच डाव्या गटरमध्ये, म्हणजे लेनच्या कडेच्या पन्हाळीत. ते म्हणाले, डावीकडे सरकतो. शास्त्र बरोबर आहे, उजव्या हाताचा बॉल जास्त वळत असेल तर डावीकडेच सरकायचं. सरकले. पुन्हा तेच. आणखी सरकले. शेवटी ते शेजारच्या लेनवाल्यांच्या अ‍ॅप्रोचवर, म्हणजे बॉल टाकायला धावत येतात त्या जागेवर उभे, आणि तिथलं एक पोरगं म्हणतंय, ‘काका, आमची टर्न आहे.’ मधूनच एखादा बॉल पॉकेटपर्यंत पोचायचा, पण त्यात जीव उरलेला नसायचा. सगळी ताकद निम्म्या वाटेतच खर्च झालेली. मऊसा आवाज, आणि 10 नंबरची, म्हणजे मागच्या रांगेतल्या उजव्या कोपऱ्यातली पिन जागच्या जागी उभी. तेवढ्यात त्या पोराने रॅकवरचा नारिंगी हाउस बॉल उचलला, सरळ टाकला आणि स्पेअर काढला, म्हणजे दुसऱ्या बॉलमध्ये उरलेल्या पिना पाडल्या. स्नेह्यांचा चेहरा मी इथे वर्णन करत नाही, ते बसलेच आहेत, बघून घ्या.

सांगायचं काय, की महाग बॉल म्हणजे जास्त वळणारा, आणि जास्त वळणारा म्हणजे चांगला, हे डोक्यात पक्कं बसलंय आपल्या. अर्धं खरं आहे ते. पॉकेटमध्ये बॉल सुमारे 6 अंशांत शिरला तर स्ट्राइकची, म्हणजे एकाच बॉलमध्ये दहाही पिना पडायची शक्यता सगळ्यात चांगली, आणि अगदी सरळ टाकलेला बॉल 2 अंशांच्या आतच अडकतो. म्हणून वळण हवंच. पण ते शेवटच्या 20 फुटांत हवं.

आणि हे नागपूरकरांना समजावून सांगावं लागतं याचंच मला आश्चर्य वाटतं! 2015 चा जामठा आठवा. दक्षिण आफ्रिका 79 ला खलास, अश्विनच्या सामन्यात 12 विकेट, तीन दिवसांत कसोटी संपली, आयसीसीने पिचला ‘खराब’ शेरा मारला. 2004 मध्ये उलटं. सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर गवत ठेवलेलं, गांगुली ऐनवेळी खेळलाच नाही, आणि ऑस्ट्रेलिया मालिका घेऊन गेली. तो घाव या सभागृहात अजून ओला आहे, मला माहीत आहे. पण मला हवा तो चेंडू फेब्रुवारी 2023 चा. जडेजा टाकतोय, पिच कोरडी, सगळ्यांना वळणाची धास्ती. स्मिथ 37 वर, वळेल म्हणून खेळला. चेंडू सरळ गेला. दांडी गुल. वळण पिचच देत होती, जडेजाने त्यात आपली भर घातली नाही. कोरड्या लेनवर हेच करायचं. फरक इतकाच, पिच डोळ्यांना दिसते, तेल दिसत नाही.

मग कळायचं कसं? बॉल परत आला की रिटर्नवरून उचलून उजेडात धरा. तेल असेल तर बॉलभोवती एकमेकांपासून थोडी सरकलेली चकचकीत वर्तुळं दिसतात. टॉवेल फिरवला की टॉवेल ओशट होतो. कोरडी लेन असेल तर बॉल जसा गेला तसा परत. फार तर बेल्टची काळी रेघ.

सचिवांनी चिठ्ठी पाठवली आहे. ‘पाच मिनिटं.’ आणि ज्या विषयाचं पत्रिकेत नाव आहे तो आता सुरू होतोय. लिहून घ्या.

पहिलं कवच, कारण सगळ्यात जास्त फरक तिथे पडतो. फार कोरडी लेन असेल तर पॉलिस्टरला लाजू नका. थोडं तरी तेल असेल तर कमी ताकदीचं पर्ल रिअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे चकाकीची पूड मिसळलेलं, उशिरा पकडणारं कवच, तेही पॉलिश केलेलं. सॉलिड नको. पृष्ठभागाचा ग्रिट, म्हणजे ज्याने घासलं त्या कागदाचा आकडा, 500 किंवा 1000 म्हणजे खडबडीत, तो तेलासाठी. आपल्याला 4000, नाहीतर वरून पॉलिश केलेला. युरेथेनबद्दल भांडणं होतात. त्याचं वळण गुळगुळीत असतं, शेवटी उसळी मारत नाही, म्हणून ताबा राहतो. पण ते लवकर पकडतं, त्यामुळे हळू टाकणाऱ्याने जपून.

दुसरं, आतला कोर. आरजी नावाचा आकडा पाहा, वजन बॉलच्या मध्यापासून किती दूर आहे ते तो सांगतो. नियमात 2.46 ते 2.80 इंच चालतो. आकडा मोठा म्हणजे वजन कवचाकडे, बॉल उशिरा रोल होतो. कोरड्यावर 2.55 च्या वरचा बघा. डिफरन्शियल, म्हणजे बॉल घरंगळताना त्यावरची तेलाची वर्तुळं किती सरकतील ते सांगणारा आकडा, जास्तीत जास्त 0.060 चालतं, आपल्याला 0.030 च्या आसपास किंवा कमी. कोर सिमेट्रिक, म्हणजे सगळीकडून सारखा. ड्रिल करणाऱ्याला आधीच सांगा की लेन कोरडी असते, भोकं कुठे पाडायची ते त्यावर ठरतं.

वजन? कोरडी लेन म्हणून वजन बदलू नका, पेलतं तेच ठेवा. हात थोडा बॉलच्या मागे, बाजूने कमी फिरवा, वेग जरा वाढवा. आणि दोन बॉल परवडत नसतील तर पहिला प्लास्टिकचाच घ्या, 10 नंबरच्या पिनेसाठी तो जन्मभर लागतो.

दुसऱ्या रांगेतून हात वर आला आहे. हो साहेब, तुमचा तो बॉल पॉलिश करता येतो, काही प्रमाणात सुधारेल. कोर मात्र बदलत नाही. विकायचा असेल तर तेल टाकणाऱ्या गावात विका.